शेवटचा राक्षस

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या कार्यालयातील जुनी लाकडी कपाटे रिकामी करण्याचे काम काढले. निवृत्तीला आता दोनच वर्षे उरली आहेत. आपल्यामागून येणाऱ्याला निदान कपाटे तरी स्वच्छ मिळावीत, एवढाच हेतू. जुने हजेरीपट, वाळवीने खाल्लेले नकाशे, कडा झिजलेल्या उत्तरपत्रिका अशा पसाऱ्याच्या तळाशी एक दोनशे पानी वही सापडली. इयत्ता आठवी, विषय इतिहास, साल १९९६. पहिल्या पानांवर बदामीचे चालुक्य, दुसरा पुलकेशी, ह्युएनत्संगचे प्रवासवर्णन, असे मीच फळ्यावर लिहून दिलेले मुद्दे. आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, निळ्या बॉलपेनने मन लावून काढलेला एक राक्षस.

डोक्यावर शिंगे, पाठीवर कासवासारखे कवच, कवचावर काटे, तोंडातून निघणारी ज्वाला. त्याच्याखाली माझ्याच अक्षरात, लाल शाईने लिहिलेला शेरा: ‘इतिहासाच्या वहीत भुते काढू नयेत.’

वही पाहताक्षणी सारे आठवले. त्या मुलाचे नाव येथे लिहीत नाही. आज तो चाळिशी ओलांडलेला संसारी गृहस्थ आहे. त्या काळी आमच्या तालुक्याच्या गावी घराघरांत टीव्हीला जोडायचे ‘व्हिडिओ गेम’ नुकतेच आले होते. मूळ जपानी यंत्राच्या त्या नकला होत्या आणि बाजारात स्वस्तात मिळत. पुस्तकाच्या आकाराची एक पेटी, तिला वायरने जोडलेले दोन हातातले ठोकळे, आणि वरून खोचायची कॅसेट. कॅसेटच्या वेष्टनावर हजारो खेळ असल्याची बतावणी असे, प्रत्यक्षात तेच दहा-पंधरा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ज्याच्या घरी हे यंत्र, त्याच्या ओसरीवर सुट्टीच्या दिवशी अर्धी गल्ली गोळा होई. त्यातला सर्वांचा आवडता खेळ मिशीवाल्या, टोपीवाल्या एका बुटक्या माणसाचा. त्या खेळाच्या अखेरीस एका पुलावर जो राक्षस उभा असतो, तो हा.

मी तेव्हा नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. नवा मास्तर नेहमीच जरा जास्त कडक असतो. मी वही उचलली. तो मुलगा घाबरला नाही. उलट उत्साहाने म्हणाला, “सर, हा शेवटचा राक्षस. ह्याला कोण केलंय हो सर?”

आमच्याकडच्या बोलीत ‘कोणी केले’ याला ‘कोण केलं’ असेच म्हणतात. कानडीच्या शेजाराने आमच्या मराठीला दिलेले हे वळण. पण त्या दिवशी मी व्याकरणही दुरुस्त केले नाही आणि उत्तरही दिले नाही. “असल्या गोष्टी कोणी करत नसतं, कारखान्यातून येतात,” असे म्हणून त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले आणि वही कपाटात टाकली. ती परत द्यायचे राहून गेले. त्याने इतरांच्या वह्यांवरून कसाबसा अभ्यास केला आणि सहामाहीत तो इतिहासात नापास झाला. पुढे दहावीनंतर त्याने शाळा सोडली, ती कायमचीच.

तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की, ताम्रपट असो, मंदिर असो वा साधे खापर असो, प्रत्येक वस्तूमागे एक करणारा असतो, आणि तो शोधणे हेच इतिहासाचे काम. आणि एका मुलाने नेमका हाच प्रश्न विचारला तेव्हा मी त्याला उन्हात उभे केले होते.

जून महिन्यात शाळा सुरू झाली. त्याच मुलाची मुलगी आता आमच्याकडे आठवीत आहे. तिला कार्यालयात बोलावून ते चित्र दाखवले. कोणी काढले ते मात्र सांगितले नाही. क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, “सर, हा बाउझर.” तिने २०२३ सालचा चित्रपट पाहिलेला होता. नाव कळले आणि शोधाची वाट मोकळी झाली. गेले चार महिने जे वाचले, पाहिले, ते वाचकांसमोर ठेवतो.

‘निन्टेन्डो’ ही कंपनी १८८९ साली जपानच्या क्योतो शहरात स्थापन झाली, ती हाताने बनवलेल्या ‘हानाफुदा’ नावाच्या फुलांच्या पत्त्यांसाठी. म्हणजे सुरुवातीपासून धंदा खेळाचाच. १९७७ साली तेथे शिगेरू मियामोतो नावाचा तरुण नोकरीस लागला. त्याचा जन्म १९५२ चा, क्योतोजवळच्या सोनोबे या लहानशा गावातला. शिक्षण कानाझावाच्या कलामहाविद्यालयात. तो इंजिनियर नव्हता, चित्रकार होता. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तोवर असले खेळ बहुतेक यंत्राच्या जाणकारांनीच रचलेले असत.

१९८१ साली त्याने ‘डाँकी काँग’ हा खेळ रचला. कंपनीला मुळात ‘पॉपाय’ या प्रसिद्ध अमेरिकन खलाशावर खेळ काढायचा होता, पण त्याचे हक्क मिळाले नाहीत. मग पॉपायच्या दांडगट प्रतिस्पर्ध्याच्या जागी एक गोरिला आला आणि पॉपायच्या जागी एक सुतार. त्या सुताराला धड नावही नव्हते. पुढे अमेरिकेतील गोदामाच्या मालकाच्या नावावरून त्याला ‘मारिओ’ म्हणू लागले. नायकाआधी खलनायकाचे नाव खेळाला मिळाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९८३ साली दोन गोष्टी घडल्या. १५ जुलैला ‘फॅमिकॉम’ हे घरच्या टीव्हीला जोडण्याचे यंत्र जपानात १४,८०० येनला विक्रीस आले. आमच्या गल्लीतल्या त्या नकली पेट्यांचा हाच मूळपुरुष. आणि त्याच वर्षी ‘मारिओ ब्रदर्स’ या खेळात नळांतून बाहेर पडणारी कासवे आली. कासवच का? खेळात शत्रूला खालून धक्का देऊन उलथे पाडायचे होते. उलथे पडल्यावर ज्याची पंचाईत होते असा प्राणी म्हणून कासव सुचले. मारिओच्या जगात कासवे शिरली, ती अशी निव्वळ सोयीसाठी.

दोन वर्षांनी, १३ सप्टेंबर १९८५ रोजी, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ प्रसिद्ध झाला. मियामोतोबरोबर या खेळाच्या रचनेत त्याचा सहकारी ताकाशी तेझुका होता. दोघे चौकटीच्या कागदावर, आपण गणिताच्या तासाला आलेख काढतो तसे, प्रत्येक टप्प्याचे नकाशे आखत. कथा अगदी साधी. जादूटोणा जाणणाऱ्या कासवांच्या टोळीने एका शांत राज्यावर हल्ला केला, प्रजेला दगडविटा करून टाकले आणि राजकन्येला पळवले. तिला सोडवायचे. या टोळीला राजा हवा होता.

तो राजा कसा दिसावा, हे ठरवताना मियामोतोच्या डोळ्यांसमोर कासव नव्हतेच. होता तो बैल.

जपानच्या तोएई या चित्रपटसंस्थेने १९६० साली ‘साइयुकी’ नावाचा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट काढला होता. प्रसिद्ध चित्रकार ओसामू तेझुका यांच्या चित्रकथेवर तो आधारलेला होता. (वर आलेले ताकाशी तेझुका वेगळे. दोघांचे नाते नाही, केवळ आडनाव एक.) या चित्रपटात ‘ग्यूमाओ’ नावाचा एक बैलराक्षस आहे. आपल्या खलनायकासाठी हाच बैल आपल्या मनात होता, असे मियामोतोने पुढे मुलाखतीत सांगितले. खेळाच्या जपानी डब्यावरचे चित्र त्याने स्वतःच काढले, आणि त्यातला राक्षस आजच्या रूपापेक्षा बराच वेगळा दिसतो. कथेत कासवांचा राजा आणि चित्रकाराच्या मनात बैल, असा तो घोटाळा होता.

हा घोटाळा निस्तरला तो योइची कोताबे या कसलेल्या चित्रकारामुळे. कोताबे १९५९ साली त्याच तोएई संस्थेत रुजू झाले होते. आल्प्स पर्वतातल्या ‘हायडी’ या मुलीवरच्या १९७४ सालच्या मालिकेतील पात्रांची रेखाटने त्यांचीच. १९८५ साली ते निन्टेन्डोत आले. ‘हा राक्षस नेमका कसा?’ याची चर्चा चालू असता ताकाशी तेझुकांनी लक्षात आणून दिले की, हा बैल वाटत नाही, हा तर कासव वाटतो. आणि खेळात कासवांची फौज आहेच, तेव्हा हा त्यांच्याच जातकुळीचा असणे योग्य. मियामोतोंना ते पटले. मग कोताबेंनी त्याला नीट रूप दिले: पाठीवर काटेरी हिरवे कवच, तांबडे केस, जाड भुवया, रुंद जबडा, गळ्यात आणि दंडावर काटेरी पट्टे. कासव झाला खरा, पण डोक्यावरची शिंगे राहिली. कासवाला शिंगे नसतात. ज्या मूर्तिकाराने आधी नंदी घडवायला घेतला आणि मध्येच कूर्म करायचे ठरवले, त्याच्या हातची ती खूण म्हणावी.

आता हे रूप पडद्यावर आणायचे तर यंत्राची मर्यादा आड येत होती. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवायचा होता. आज मोबाईलवर येणारे दिवाळीच्या शुभेच्छांचे एखादे चित्रही बहुधा याहून जास्त जागा खाते. काटकसर एवढी की, खेळातले ढग आणि झुडपे एकाच आकृतीची आहेत, फक्त रंग बदलला आहे. हलणारी आकृती आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी जुळवायची, प्रत्येक तुकड्याला तीनच रंग, आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे दिसणार. आपला राक्षस सुमारे ३२ ठिपके रुंद, म्हणजे चार तुकडे त्याचेच. मारिओचे दोन धरले की उरले दोन. एवढ्या अडचणीत तो पुलावर मागेपुढे येरझारा घालतो, मधूनच उडी मारतो, आग ओकतो. आमच्या गावच्या जुन्या टीव्हीवर तर ते ठिपके एकमेकांत मिसळून जात. म्हणजे त्या मुलाच्या चित्रातला बराचसा भाग टीव्हीवर नव्हताच. त्याने तो मनाने भरला होता. हे ध्यानात आल्यावर त्या लाल शेऱ्याकडे पुन्हा पाहवेना.

खेळातली दुसरी एक युक्ती मला फार आवडली. खेळात आठ मुलुख, प्रत्येक मुलुखाचे चार टप्पे, म्हणजे एकूण ३२. प्रत्येक मुलुखाच्या शेवटी किल्ला आणि किल्ल्यात हा राक्षस. त्याच्या मागे एक कुऱ्हाड असते. तिच्यापाशी पोचले की पूल कोसळतो आणि राक्षस खालच्या तप्त रसात पडतो. पण पहिले सातही तोतये! आगीच्या गोळ्यांनी त्यांना मारले की सोंग गळून पडते आणि खाली दिसतो टोळीतलाच एखादा सामान्य शिपाई. पहिल्या किल्ल्यातला तर पायाखाली सहज चिरडला जाणारा अगदी क्षुल्लक प्राणी. दर वेळी कळते की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. खरा राजा आठव्यात. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची हकीकत वाचलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. खेळ रचणाऱ्याला एकच चित्र आठ वेळा वापरता आले, आणि खेळणाऱ्याला मात्र आठ वेळा धाकधूक.

आता नावाकडे वळू. आपल्या दुभाषी जिल्ह्यात नावाचा प्रश्न किती नाजूक असतो, हे मी सांगायला नको. एकाच गावाची पाटी दोन्ही लिप्यांत पाहत आपण मोठे झालो. या राक्षसाचेही तसेच आहे. जपानात त्याचे नाव ‘कुप्पा’. हे नाव मियामोतोने कोरियन जेवणातल्या एका पदार्थावरून घेतले. रश्श्यात भात घातलेला तो पदार्थ कोरियन भाषेत ‘गुकबाप’, जपानी जिभेवर ‘कुप्पा’. म्हणजे आपल्याकडे एखाद्या असुराचे नाव ‘कट-आमटी’ ठेवावे तसे! अमेरिकेत खेळ गेला तेव्हा तो ‘बाउझर’ झाला आणि ‘कुप्पा’चे ‘कूपा’ होऊन ते त्याच्या कासवजातीचे नाव ठरले. एका सरहद्दीच्या अलीकडे जे एका व्यक्तीचे नाव, ते पलीकडे साऱ्या कुळाचे झाले. असे आपल्याकडच्या आडनावांच्या बाबतीतही घडलेले आहे. गमतीची गोष्ट म्हणजे २०१९ साली निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेचे अध्यक्ष झाले त्यांचे आडनावही, केवळ योगायोगाने, बाउझर होते.

पण खरा धक्का मला बसला तो त्याच्या बिरुदापाशी. जपानीत त्याला ‘दाइमाओ कुप्पा’ म्हणतात. ‘दाइ’ म्हणजे महा, ‘ओ’ म्हणजे राजा. मग मधला ‘मा’ कोण? त्या बैलराक्षसाच्या ‘ग्यूमाओ’ या नावातही हाच ‘मा’ आहे. ‘ग्यू’ म्हणजे बैल.

हा ‘मा’ आपला आहे. गौतमाची तपश्चर्या भंग करायला जो आला, तो बौद्ध ग्रंथांतला ‘मार’. संस्कृत ग्रंथांचे चिनी भाषांतर करताना या ‘मार’साठी चिनी लिपीत अक्षरच नव्हते. म्हणून नवे अक्षर घडवले गेले: ‘मा’ असा उच्चार देणारे चिन्ह वर आणि त्याच्याखाली ‘भूत’ या अर्थाचे चिन्ह. तेच अक्षर पुढे बौद्ध धर्माबरोबर जपानात गेले आणि तिथे राक्षस, सैतान, जादू अशा साऱ्या अर्थांनी रुजले. बोधिवृक्षाखाली हरलेला मार समुद्र ओलांडून जपानात गेला, शतकानुशतके तेथील भाषेत राहिला आणि १९८५ साली कासवाच्या राजाच्या बिरुदात जाऊन बसला. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, नकली कॅसेटमधून, तो आमच्या गल्लीत परत आला. आम्ही त्याला ओळखले नाही.

आणि ‘साइयुकी’? हे चिनी भाषेतल्या ‘पश्चिमेच्या यात्रे’चे जपानी नाव. सोळाव्या शतकातली, शंभर अध्यायांची ही कादंबरी वू छंग-अन याच्या नावावर सांगितली जाते. एक बौद्ध भिक्षू धर्मग्रंथ आणण्यासाठी पश्चिमेला, म्हणजे भारताकडे निघतो. त्याच्या सोबतीला एक पराक्रमी वानर असतो. वाटेत असंख्य राक्षस भेटतात. त्यांतलाच एक हा बैलराक्षस. ५९ ते ६१ या अध्यायांत त्याची कथा येते. वाटेवर धगधगणारा ज्वालापर्वत आहे. त्याची आग विझवणारा पंखा या बैलराक्षसाच्या पत्नीपाशी आहे. तो मिळवण्यासाठी वानराला त्याच्याशी झुंजावे लागते. विशेष म्हणजे हे दोघे पूर्वीचे मानलेले भाऊ. शत्रुत्व नंतरचे.

या कादंबरीतला भिक्षू काल्पनिक नाही. तोच ह्युएनत्संग. इ. स. ६२९ मध्ये चीनमधून निघून ६४५ मध्ये परतलेला. ६४१ च्या सुमारास तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. त्या पुलकेशीवर कन्नड आणि मराठी हे दोघेही सारख्याच प्रेमाने हक्क सांगतात, आणि त्याची बदामी आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. ह्युएनत्संगने आपल्या वर्णनात या प्रदेशाला महाराष्ट्र म्हटले आहे, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण त्याआधी शत्रूला सावध करतात, असे लिहून ठेवले आहे.

माझ्यासमोर १९९६ सालची ती वही उघडी होती. तिच्या सुरुवातीच्या पानांवर ह्युएनत्संग आणि पुलकेशी, मी सांगितलेले. शेवटी तो शिंगांचा कासवराक्षस, मुलाने काढलेला. मी एकाला इतिहास म्हटले होते आणि दुसऱ्याला भूत. दोघे एकाच वाटेवरचे होते.

वाचक विचारतील, असे खलनायक तर हजारो झाले. हाच चाळीस वर्षे का टिकला? मला वाटते, त्याच्या कर्त्यांनी त्याला मारून टाकले नाही, हे एक कारण. १९८८ साली तिसऱ्या खेळात तो सात उपद्रवी कूपा-बालकांना घेऊन आला. ही त्याची मुले समजली जात. पुढे २०१२ साली मियामोतोने सांगितले की नाही, त्याचा मुलगा एकच, २००२ सालच्या खेळात आलेला धाकटा बाउझर. वंशावळीचे वाद केवळ आपल्याच राजघराण्यांत होतात असे नाही! १९९२ साली तो मारिओच्या शेजारी गाडी घेऊन शर्यतीत उतरला. १९९६ साली, म्हणजे मी वही जप्त केली त्याच वर्षी, एका खेळात त्याच्या किल्ल्यावर दुसऱ्याच शत्रूने कब्जा केला आणि हा चक्क मारिओच्या बाजूने लढला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या खेळात तो प्रथमच खोली असलेल्या त्रिमिती जगात आला आणि त्याची शेपटी धरून, गरगर फिरवून फेकून द्यावे लागले. २००९ साली तर एका खेळाचा अर्धा नायकच तो झाला. १९९३ च्या चित्रपटात डेनिस हॉपर याने आणि २०२३ च्या चित्रपटात आवाजाने जॅक ब्लॅक याने त्याची भूमिका केली.

दर वेळी हरायचे, आणि पुन्हा तितक्याच इर्षेने यायचे. मुलांना त्याचा राग कमी आणि लळाच जास्त. हे आपल्याला नवे आहे का? कोकणातल्या दशावतारात काळ्या वेशातला संकासुर रंगमंचावर आला की लोक खुलतात. वेद चोरणारा तो, पण त्याच्या मालवणी बोलण्याला हशा त्याच्याच वाट्याचा. शेवटी विष्णूच्या हातून पडतो, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा उभा. आपल्याकडच्या दोड्डाटातही राक्षसाच्या प्रवेशाची आरोळी ऐकायला पेंगणारी पोरे जागी होतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरे आठवडे खपून केलेला नरकासुर मिरवतात आणि पहाटे जाळतात. पुढच्या वर्षी तो अधिक उंच होऊन येतो. आपण अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो, ते तरी दुसरे काय? एकदाच मेलेल्या नरकासुराला दर वर्षी का मारावे लागते, असे मी लहानपणी आजीला विचारले होते. ती म्हणाली, “तो आला नाही तर दिवाळी कशी येईल?”

असो. सप्टेंबरात मी ती वही घेऊन त्याच्या दुकानी गेलो. त्याचे पाट्या रंगवण्याचे दुकान होते. दोन्ही लिप्यांत सारख्या सुबक अक्षराचा तालुक्यातला तो एकमेव पेंटर म्हणून ओळखला जाई. फ्लेक्स आल्यापासून ब्रश कोपऱ्यात पडले आणि आता तो संगणकावर वाढदिवसांचे फलक जुळवतो. मला पाहून उठून उभा राहिला. वही हातात दिली. त्याने सुरुवातीची पाने पाहिलीच नाहीत, सरळ मागचे पान उघडले. बराच वेळ पाहत राहिला.

“सर, शिंगं चुकलीत की ओ,” एवढेच म्हणाला. “आतल्या बाजूला वळाय पाहिजे होती.”

मी त्याला मियामोतोबद्दल सांगितले, बैलाबद्दल, कासवाबद्दल, कोताबेंबद्दल. शिंगे मुळात बैलाची असे सांगितले तेव्हा तो हसला. चित्रकाराला पगार देऊन, रोज बसवून, हेच काम सांगितलेले असते, याचे त्याला फार नवल वाटले. “म्हणजे ही नोकरी असते होय, सर?” असे त्याने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा काहीतरी म्हणणार होता, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आले.

निघताना मी खिशातले लाल पेन काढले आणि त्या जुन्या शेऱ्यावर रेघ मारली. खाली लिहिले: ‘चित्र चांगले आहे. प्रश्न अधिक चांगला होता.’ सही केली आणि तारीख घातली. त्याने वही मुलीच्या हाती दिली आणि मला चहा सांगितला.